खडकावरचा खो

"रत्ना, घंटा ऐकू आली पाहिजे हं. भोंग्याच्या आत."

मी उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. सासूबाई पडवीतल्या पलंगावर होत्या. डोक्यावरून शाल, हातात जपमाळ, आणि लक्ष सगळं माझ्या बुटांकडे.

"मला काय सांगता, आई? घंटा वन्सं वाजवतात. मी कुठली वाजवतेय."

"तिला सांगून झालंय. पण ती विसरभोळी आहे. तू आठवण कर."

आतून वन्संचा आवाज आला. "आई, मी छप्पन्न वर्षांची आहे."

"मग काय झालं? मी एक्याऐंशीची आहे. अजून तुझ्यापेक्षा मोठीच आहे की."

मी हसू दाबत दार ओढून घेतलं आणि जाखाईच्या डोंगराच्या वाटेला लागले.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शालन. लग्न त्यांनी केलं नाही. पुण्यात पोस्टात नोकरी केली, आणि तरुणपणी खो-खो असा खेळल्या की राज्याच्या संघापर्यंत गेल्या. लवकर निवृत्ती घेऊन आईजवळ राहायला आल्या तेव्हा सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि पिशवीभर कॅनव्हासचे बूट. आल्याच्या दुसऱ्याच पहाटे डोंगराकडे निघाल्या, तर सासूबाईंनी दार अडवलं.

त्याला कारण होतं. वन्सं दहा वर्षांच्या असताना कुणाला न सांगता डोंगरावर गेल्या होत्या आणि दिवस मावळला तरी परतल्या नव्हत्या. अख्खी आळी कंदील घेऊन शोधत फिरली. तेव्हापासून सासूबाईंचा नियम असा की वर पोचलीस की जाखाईच्या देवळातली घंटा वाजवायची, आणि ती मला घरात ऐकू आली पाहिजे. मधे चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली, पण नियमाची मुदत काही संपली नव्हती. उलट एक कलम वाढलं. साखर कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत घंटा झाली पाहिजे, एक दिवस जरी चुकली तरी डोंगर बंद. "दोघींचाही," असं माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या होत्या. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडू द्यायची ह्यांचीसुद्धा बिशाद नव्हती.

डोंगर बंद झाला असता तर माझं काय गेलं असतं, ते सांगते. त्या वर्षी आमची मुलगी नर्सिंग शिकायला मिरजेला गेली आणि घर मला खायला उठलं. हे खतांच्या दुकानात, सासूबाई माळेत, आणि मी स्वयंपाकघरात, डब्यांची झाकणं उघडून काहीबाही तोंडात टाकत उभी. वजन वाढलं, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि विनाकारण डोळे भरून यायला लागले. वन्संनी आल्याच्या आठवड्यात हे ओळखलं. काही विचारलं नाही, समजावलं नाही. एका पहाटे मुलीचे जुने बूट माझ्यापुढे टाकले आणि म्हणाल्या, "घाल. चल."

पहिले काही दिवस नाकी नऊ आले. पण मग त्या पहाटेचं मला वेड लागलं. गार हवा छातीत शिरायची, गवताला दव असायचं, खालून गुऱ्हाळाचा गोडसर धूर यायचा, आणि वर चढत जाल तशी गावातली एकेक खिडकी उजळताना दिसायची. त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नसे. रत्ना, डबा, रत्ना, औषध, रत्ना, दूधवाला आलाय. यातलं काही नाही. मी, माझे पाय आणि माझा श्वास. बावीस वर्षांच्या संसारात मला एवढी मोकळी जागा कधी मिळाली नव्हती, आणि ती मला हातची घालवायची नव्हती.

पण खरं सांगायचं तर मी अर्धाच डोंगर धावायची. अर्ध्या वाटेवर एक मोठा पांढरा खडक आहे, तिथवर पळायचं आणि बसायचं. पुढे चढ उभा होतो. पायांत दम नव्हता असं नाही, माझं मनच पाय ओढायचं. लोक म्हणतात मन घाबरवतं, धमकावतं. माझं मन तसलं नव्हतं. ते फार लाडात बोलायचं, थेट माझ्या माहेरच्या आत्यासारखं. "पोरी, किती दमलीस गं. टेक जरा. कुणी बघत नाही. उद्या जा की वर, डोंगर कुठं पळून चाललाय?" अशा मायेच्या बोलण्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले असते. मी तर खडकच टेकायची.

आमचा क्रम ठरलेला होता. मी आधी निघायची, कारण मी हळू. वन्सं आईला औषध देऊन, अंगणात हातपाय मोकळे करून मागून यायच्या. मी खडकावर बसलेली असताना त्या माझ्या शेजारून न थांबता वर जायच्या. थोड्या वेळाने वरून घंटा ऐकू यायची. आधी एक ठोका, मग जरा थांबून दोन. तो वन्संचा ठोका गावात सगळ्यांना ओळखू यायचा. मग मी उठून उतरायला लागायची.

दोन गोष्टी मात्र त्या जाता जाता हमखास सांगायच्या. एक म्हणजे, "डोंगराकडे बघू नकोस, पुढच्या खांबाकडे बघ." देवळापर्यंत विजेचे खांब गेले आहेत, त्यांच्याबद्दल हे बोलणं. दुसरी गोष्ट त्यांनी अलीकडे, महिन्याभरापासून सुरू केली होती. मी खडकावर गावाकडे तोंड करून बसायची, दिवे बघत. तर त्या म्हणायच्या, "तशी नको बसू. तोंड वर कर. चढाकडे."

"अहो, पण दिवे खाली आहेत."

"दिवे कुठं जात नाहीत. तोंड वर."

म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, तसं हे, असं मी मनात म्हणायची आणि तोंड वर करून बसायची.

आता त्या घंटेचं सांगते, कारण ती वाजवायची मुभा कुणालाही नव्हती. दिवसा दर्शनाला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पहाटेची घंटा मात्र पायथ्यापासून न थांबता धावत वर येईल त्याची, असा आमच्या डोंगराचा दंडक. तो पाळून घ्यायला देवळाच्या पायरीवर सर्जेरावनाना बसलेले असत. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांचं उभं आयुष्य गेलं. सगळ्यांच्या आधी ते वर येत, देवळापुढची जागा झाडत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "विनाथांबा?" हो म्हणाल तर घंटेकडे बोट. नाही म्हणाल तर नुसता नमस्कार करून परत. जाखाईच्या दारात कुणी खोटं बोलत नसे. मी दोन-चारदा चालत वर गेले होते, तेव्हा नानांनी विचारायच्या आधीच मी मान हलवली होती.

घरी परतल्यावरही माझी जागा ठरलेली होती. घंटा ऐकली की सासूबाई स्वतः उठून चुलीवर चहा ठेवत. आलं ठेचून घातलेला, दाट, पहिला कप वन्संना. माझ्यासाठी त्याच भांड्यात जरा पाणी, चिमूटभर पूड, आणि पुन्हा उकळी. एकदा मी गमतीत म्हटलं, "आई, मी पण डोंगरावरूनच येते की." तर त्या म्हणाल्या, "दमून आलेल्याला आधी. बसलेल्याला नंतर." त्यावर हे इतके हसले की मिशीला चहा लागला. मीही हसले. पण खोटं कशाला बोलू, मला ते लागलं होतं.

तर त्या दिवशी माघातली थंडी होती. मी खडकावर पोचले, नेहमीप्रमाणे आत्याबाईंचं ऐकलं आणि बसले. तोंड वर. खालून वन्संची पावलं ऐकू यायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की आवाज नेहमीचा नाही. एक पाय वाजत होता, दुसरा फरफटत होता.

मी ताडकन उठले आणि वळले. वन्सं खालच्या वळणावरून येत होत्या. धावत होत्या असं म्हणवत नाही, लंगडत होत्या, पण थांबलेल्या नव्हत्या. एक हात गुडघ्यावर दाबलेला, चेहरा घामाने निथळत होता.

"वन्सं, काय झालं? पाय मुरगळला का?"

"बस खाली."

"अहो, पण..."

"रत्ना, बस खाली. खो मिळायच्या आधी उठलीस. फाऊल होतो."

मला आधी कळेचना की या काय बोलतायत. इथं गुडघा फुटायची वेळ आणि यांना खो-खो सुचतोय. "वन्सं, तुम्ही थांबा आधी. मी हात देते."

"मी थांबणार नाही आणि तू मला हात देणार नाहीस. बस म्हणते ना. तोंड वर. मागे बघायचं नाही."

त्या आवाजात असं काही होतं की मी मुकाट्याने बसले. इतकी चिडले होते की कानशिलं तापली. मागे त्यांची पावलं जवळ येत होती, आणि प्रत्येक पावलागणिक "स्स" असा आवाज. माझी पाठ ताठ झाली. मग पाठीवर हात पडला, चांगला जोरात, आणि भरल्या मैदानात ऐकू जावा असा आवाज आला.

"खो!"

मी उठले. डोक्याने काही ठरवायच्या आधी पाय निघाले होते. मागे वन्सं खडकावर बसल्या ते मला ऐकू आलं. "अगं आई गं," असा सुस्कारा त्यांच्या तोंडून निघाला. माझी मान वळणारच होती, तोवर त्या ओरडल्या, "दिशा घेतलीस, आता वळायचं नाही. घंटा, रत्ना. भोंग्याच्या आत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घंटा झाली नाही तर डोंगर बंद. चालत गेले तर भोंगा आधी होणार. आणि धावता धावता थांबले तर नाना घंटेला हात लावू देणार नाहीत. म्हणजे आता जे काय होतं ते माझ्या पायांवर होतं, आणि हे पाय या खडकाच्या पुढे आजवर कधी धावले नव्हते.

पहिला खांब आला नि गेला. दुसऱ्याला चढ लागला आणि आत्याबाई जाग्या झाल्या. आज त्यांनी नेहमीचं काढलंच नाही. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "काय गं ही. तिकडं ती बाई एकटी थंडीत कण्हतेय, आणि ही देवळाकडं पळतेय. माणुसकी आहे की नाही? जा मागं, तिला धर." मी खरोखर मंदावले. आळस असता तर मी ओळखला असता, पण हा आळस पुण्याईचं लुगडं नेसून आला होता. मग मला वन्संचा तो आवाज आठवला. मी परत गेले असते तर त्यांनी मला जिवंत सोडलं नसतं. मी खांबाकडे बघितलं आणि पाय उचलला.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, "मटकी भिजत घातलीस का रात्री?" नव्हती घातली. "आणि गॅसचा खटका?" तो बंद केल्याचं नक्की आठवत नव्हतं. तिसऱ्या का चौथ्या खांबाशी बरगडीखाली कळ आली, तोंडाला कोरड पडली, आणि पोटऱ्या अशा भरून आल्या की आता बसतेच की काय. "टेक जरा," आतून आवाज आला, "दोन श्वास घे आणि मग जा. दोन श्वासांनी काय होतंय?" मला ठाऊक होतं दोन श्वासांनी काय होतं. बावीस वर्षं मी दोन श्वास घेऊनच सगळं करत आले होते, आणि मग ते राहून जायचं. गाणं शिकायचं राहिलं, पोहायचं राहिलं, एकटीनं कुठं जायचं राहिलं. मी चक्क मोठ्यानं बोलले, "आत्या, आता गप बस. पुढचा खांब येऊ दे, मग बोलू." पुढचा खांब आला तर मी म्हटलं, त्याच्या पुढचा येऊ दे. एरवी ती मला फसवायची. त्या दिवशी मी तिला खांबाखांबाला फसवत नेलं.

वरच्या वळणावर खालचा कारखाना दिसतो. त्याच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. म्हणजे आता कुठल्याही क्षणी भोंगा. तोंडचं पाणी तर आधीच पळालं होतं. आणि मजा म्हणजे तिथंच कधीतरी कळ गेली. कशी गेली ते माहीत नाही. श्वास पायांबरोबर पडायला लागला, पूर्वेला फटफटत होतं, खालची नदी दिसायला लागली होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी मघापासून एकही खांब बघितलेला नाही. मी नुसती धावत होते. मला हसूच फुटलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, केस सुटलेले, ओढणी कमरेला बांधलेली, एकटीच डोंगरावर हसत धावतेय. कुणी बघितलं असतं तर अंगाऱ्याची पुडी आणली असती. पण मला इतकं सुख झालं होतं की सांगता येत नाही.

देवळापुढं पोचले. नाना खराटा हातात घेऊन उभे होते. माझ्या मागे वाटेकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"शालनताई?"

मला धाप लागली होती. मी खाली बोट दाखवलं. "गुडघा. बसल्यात. बऱ्या आहेत."

"मग तुम्ही..." त्यांचा प्रश्न तोंडातच घोळला, पण सवय कुठं जाते. "विनाथांबा?"

खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती आणि खरं काय ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. "नाना, मी खडकावर बसले होते. पायथ्यापासून वन्सं न थांबता आल्या. खडकावर त्यांनी मला खो दिला. तिथून पुढं मी थांबलेली नाही."

"खो दिला?"

"पाठीवर. रीतसर. आधी मी उठले होते तर परत बसवलं."

नानांनी खराटा भिंतीला लावला आणि हनुवटी खाजवली. भोंग्याची वेळ झालेली, आणि हा मनुष्य विचार करतोय. मला वाटलं, आता या बाबाचे पाय धरावेत.

"म्हणजे गाडी तीच," ते शेवटी म्हणाले. "फक्त ड्रायव्हर बदलला."

"हो, हो. तसंच."

"पण ड्रायव्हर बदलायला गाडी थांबवावी लागते, रत्नावहिनी."

"नाही थांबली. त्यांचा हात पाठीवर पडला आणि मी निघाले. त्या टेकायच्या आत मी पुढे होते. देवीच्या दारात सांगते."

नानांनी एकदा जाखाईकडे पाहिलं, जणू तिचीही सही हवी होती. मग बाजूला झाले आणि घंटेकडे बोट दाखवलं. "विनाथांबा. वाजवा."

घंटेची दोरी हातात आली आणि माझं भान सुटलं. एक ठोका, मग थांबून दोन, असं काही मी वाजवलंच नाही. मी ती घंटा बडवली. दोन्ही हातांनी, दम खाऊन, परत. नाना म्हणाले, "बास, बास, गाव उठेल." मी थांबले, घंटा अजून घुमत होती, आणि त्या घुमण्यातच खालून कारखान्याचा भोंगा सुरू झाला. माझा जीव भांड्यात पडला.

आणि दुसऱ्याच क्षणी परत वर आला. सासूबाई वन्संचा ठोका ओळखतात. हा ठोका वन्संचा नाही हे त्यांना कळलं असणार. आणि वन्संचा नाही, म्हणजे वन्संना काहीतरी झालं. त्या वयाच्या बाईला पहाटे पहाटे असा धसका बसला तर? शिवाय डोंगर तर गेलाच. मी नानांना नमस्कार केला आणि धावतच उतरले.

वन्सं खडकावर होत्या. गावाकडे तोंड करून, पाय लांब करून, दिवे बघत.

"काय वाजवलीस ती," त्या म्हणाल्या, "मला वाटलं देवळाला आग लागली."

"वन्सं, आई घाबरल्या असतील. तुमच्यासारखी वाजवायची विसरले मी."

"ते खरंच." त्यांनी माझ्या खांद्याला धरून उठायचा प्रयत्न केला. "चल. काय बोलणी खायची ती दोघी मिळून खाऊ."

आम्ही सावकाश उतरायला लागलो. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर, आणि मला ते जड वाटत नव्हतं. मी विचारलं, "हे आजचं नाही ना?"

"महिना झाला. गुडघा रोज रात्री बोलतोय माझ्याशी."

"महिन्यापासूनच तुम्ही मला तोंड वर करून बसवताय."

"मग? बसलेल्याची पाठ तयार नसेल तर खो कुणाला द्यायचा?" त्या थोडं चालल्या. मग हळू म्हणाल्या, "एक दिवस मला बसावं लागणार होतं, रत्ना. मी आयुष्यात मैदानात कधी मधेच बसले नाही. बाद झाले, पण बसले नाही. त्याची फार भीती होती मला. पण खो देऊन बसलं, तर त्याला थांबणं म्हणत नाहीत."

इतके दिवस मला वाटत होतं की त्या मला डोंगर दाखवायला नेतात. त्या स्वतःसाठी माणूस तयार करत होत्या, आणि सगळ्या गावातून त्यांनी अर्ध्यात बसणारी मीच निवडली होती. मला फार बरं वाटलं.

घराच्या वळणावर दोघींची पावलं मंदावली. हे दारातच उभे होते, तोंडात ब्रश. "आज काय यात्रा होती का वर? केवढी घंटा," असं म्हणता म्हणता त्यांनी वन्संचा पाय पाहिला आणि ब्रश काढून आधाराला धावले.

आत पडवीत सासूबाई पलंगावर नव्हत्या. चुलीपाशी होत्या. शेजारी वाटीत तेल कोमट करून ठेवलेलं, त्यावर फडकं.

"पाट घे, शालन. पाय लांब कर," त्या वळून न बघताच म्हणाल्या. "डावा ना?"

वन्सं गप्पकन पाटावर बसल्या. मी चाचरत म्हटलं, "आई, तुम्ही घाबरलात का? घंटा मी... म्हणजे आज वन्संनी..."

"घाबरायचं काय त्यात? तू वाजवलीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

आता त्या वळल्या. "अगं, देवघरातली घंटी बावीस वर्षं तू अशीच बडवतेस. देव दचकून उठत असेल रोज. मला तुझा हात कळत नाही होय?" मग वन्संकडे बोट करून म्हणाल्या, "रत्ना वरती, म्हणजे ही बसली. आणि ही बसली म्हणजे पायच गेला असणार, दुसऱ्या कशानं ही बसायची नाही. तेल ठेवलं तापत."

"म्हणजे डोंगर..." वन्संनी भीत भीत विचारलं. छप्पन्न वर्षांच्या बाईचा तो आवाज अगदी दहा वर्षांच्या पोरीचा होता.

"भोंग्याच्या आत झाली ना घंटा? मग कशाला बंद? कुणी वाजवायची ते मी कधी म्हटलं होतं?" त्यांनी चहाला आलं ठेचलं. "उद्यापासून मात्र तू खडकापर्यंत. पुढं ही."

आणि पुढं कितीतरी वर्षं तसंच झालं. गुडघा बरा झाल्यावर वन्सं खडकापर्यंत यायच्या, पाठीवर हात मारायच्या, आणि घंटा मी वाजवायची. सासूबाईंच्या शेवटच्या सकाळपर्यंत ती भोंग्याच्या आत झाली.

पण ते नंतरचं. त्या सकाळी चहा उतरला. सासूबाईंनी पहिला कप गाळला, दाट, आल्याचा, काठोकाठ. वन्संनी सवयीनं हात पुढे केला. सासूबाईंनी कप त्यांच्या हातावरून नेला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आई," वन्सं म्हणाल्या, "आणि माझा?"

सासूबाईंनी भांड्यात पाणी घातलं आणि ते परत चुलीवर ठेवलं.

"थांब जरा. बसलेल्याला नंतर."

हे हसायला लागले, वन्सं तर पाय दुखत असूनही खो खो हसत सुटल्या. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. मी कप दोन्ही हातांत घेतला. मग अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी वन्संपुढे सरकवली. सासूबाईंनी ते पाहिलं. माळ हातात घेऊन पलंगावर जाऊन बसल्या.